राणीच्या बागेत जाताय? पेंग्विन शेवटी बघा

सुट्टी लागली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मुलांना घेऊन येतोय, राणीची बाग बघण्यासारखी आहे का गं?" आहे, नक्की आहे. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात पेंग्विन आणि वाघ असतात, आणि मी होकार देते तो झाडांसाठी. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पुढे पाठवता येईल.

मी लालबागला राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि झाडं बघायचा नाद लागला. मुंबईत तो पुरवायला राष्ट्रीय उद्यान आहेच, पण मध्य रेल्वेच्या माणसाला बोरिवली गाठेपर्यंत अर्धा दिवस जातो. राणीची बाग भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, रमतगमत चाललं तरी दहा-पंधरा मिनिटांवर. पन्नास-बावन्न एकरांत तीन हजारांवर झाडं, आणि त्यातली कितीतरी मुंबईत इतर कुठे सहज दिसत नाहीत. याचं कारण सरळ आहे. ही जागा मुळात वनस्पती उद्यान म्हणूनच लावली गेली. १८६२ मध्ये तेव्हाच्या गव्हर्नरची बायको लेडी फ्रियर हिच्या हस्ते उघडली तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. प्राणी मागाहून आले. आजचं पूर्ण नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला 'राणीबाग'च सांगा.

तिकीट मोठ्यांना ५० रुपये. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर १०० रुपयांत होतं. या पैशात आजकाल मॉलमध्ये पॉपकॉर्नची पुडीसुद्धा मिळत नाही. बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, हे लक्षात ठेवा, नाहीतर फाटकावरून परत.

आता झाडं. उर्वशीपासून सुरुवात करा. मूळची ब्रह्मदेशातली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर फांद्यांवरून लाल फुलांचे लांब घोस खाली लोंबताना दिसतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलं नसतील त्या दिवसांतही हे झाड निराश करत नाही. कोवळी पालवी तांबूस रंगाची असते आणि जीव नसल्यासारखी सरळ खाली लटकते, नुकतेच पिळून वाळत घातलेले रुमाल असावेत तशी. माझ्या भाच्याची मुलगी म्हणाली, "आजी, हे झाड आजारी आहे का?" नाही बाळा, पानं हिरवी झाली की ताठ होतात. त्यानंतर ती पोर प्रत्येक झाडाची पालवी चिमटीत धरून तपासत होती.

दुसरा कैलासपती. हा दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्याकडे देवळांच्या आवारात इतका रुळलाय की परका वाटत नाही. याची फुलं फांदीच्या टोकाला शोधू नका. मी एकदा मान वर करून उभी होते तर पाणी घालणारे माळीकाका म्हणाले, "मावशी, वर काय बघताय, खोडाकडे बघा." खोडातूनच वाकडेतिकडे देठ फुटतात आणि त्यांना फुलं लागतात. एखादं पडलेलं फूल उचलून हातात घ्या. बाहेरून गुलाबी-केशरी मांसल पाकळ्या, आत मधोमध बारीक पांढऱ्या केसरांचं कडं आणि त्यावर वळलेला फणा. लोक पिंडीवर नाग म्हणतात ते उगाच नाही. वास तर असा की फूल पिशवीत टाकलं तर घरी पोचेपर्यंत पिशवीला येतो. फळं मात्र तोफगोळ्याएवढी, आणि पडून फुटली की घाण वास मारतात. झाडाखाली डबा उघडून बसू नका, डोक्यावर पडायची भीती वेगळीच.

गोरखचिंच पोरांना सगळ्यात आवडते, कारण खोडच एवढं जाडजूड की चार जणांनी हात धरले तरी कवेत येत नाही. आफ्रिकेतून आलेलं झाड. खोडात पाणी साठवून ठेवतं म्हणून ते असं फुगलेलं. फुलं मोठी, पांढरी, लांब देठाला उलटी लोंबणारी. रात्री उमलतात आणि वटवाघळं येऊन परागीभवन करतात. आपल्याला बघायला मिळतं ते सकाळी खाली पडलेलं, कडा तपकिरी झालेलं फूल. पावसाच्या सुरुवातीला जा, तेव्हा शक्यता जास्त.

एप्रिल-मेमध्ये ताम्हण आणि बहावा. त्यावर वेगळं लिहायला नको, जांभळा आणि पिवळा रंग लांबूनच बोलावतो. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे, एवढं मुलांना सांगून ठेवा.

झाडं ओळखता येत नसतील तर? अभ्यासक मंडळी अधूनमधून सकाळच्या फेऱ्या काढतात, जमलं तर एखादीला जाच. एकट्याने फिरण्यात आणि माहीतगार माणसाबरोबर फिरण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोबत छोटी दुर्बीण असेल तर उत्तम, पक्षीही दिसतात. मुलांसाठी आमच्या घरी एकच नियम: पडलेलं उचलायचं, लागलेलं तोडायचं नाही. मग घरी येऊन वहीत पानं दाबायची. दोन तास मोबाइल आठवत नाही कुणाला.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून आणले, जातीने हम्बोल्ट, म्हणजे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. एकदा बघायला छान. काचेमागे थंडगार कक्षात ठेवलेत, पाण्यात शिरले की त्यांचा वेग बघत राहावा. पण सुट्टीच्या दुपारी रांग लागते, आत पुढे सरका-पुढे सरका चालू असतं आणि लोक काचेवर टकटक करत असतात. का करतात, देव जाणे. आत गार हवा असते, म्हणून मी पाहुण्यांना तिथे शेवटी नेते. ऊन चढल्यावर त्या गारव्याचं मोल कळतं.

दोन गोष्टी बहुतेक जण न बघताच निघतात. एक काळा घोडा. फोर्टमधल्या ज्या चौकाला त्याच्यामुळे नाव पडलं तिथून १९६५ मध्ये हलवलेला, घोड्यावर बसलेल्या राजा सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा इथे आहे. दुसरी गोष्ट, बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला नेणार होते, उचलतानाच त्याचे तुकडे झाले, म्हणून राहिला. मागाहून जोडलाय, सांधे नीट दिसतात.

माझे गुण पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रविवारच्या गर्दीपायी. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी फाटक उघडताच आत शिरलात तर तो अर्धाही देईन. पावसाळ्यात डास फोडून काढतात, अंगभर कपडे घाला. बाहेर पडल्यावर भूक लागलेली असतेच. आंबेडकर रोडवरून परळकडे जाणारी बस धरा आणि लालबागला लाडू सम्राटमध्ये थालीपीठ नाहीतर कोथिंबीर वडी मागवा. निघताना डिंकाचे लाडू बांधून घ्या आणि वाट वाकडी करून आमच्याकडे चहाला या, मी घरीच असते.