‘ॲब्सेंट’, ‘अवे’, ‘आऊट’ की ‘ऑन लीव्ह’?

मराठीत ‘मी उद्या नाही’ म्हटलं की भागतं. इंग्रजी मेलमध्ये मात्र शब्द निवडावा लागतो, आणि सवयीने हात ‘ॲब्सेंट’कडे जातो. रजेच्या मेलसाठी तो सहसा चुकीचा शब्द आहे.

‘ॲब्सेंट’मध्ये एक अपेक्षा धरलेली असते: जिथे असायला हवं होतं, तिथे माणूस नाही. वर्ग, परीक्षा, बैठक. म्हणजे आपलं ‘गैरहजर’. ‘आय विल बी ॲब्सेंट टुमारो’ व्याकरणात बसतं, पण त्यात परवानगी घेतल्याचं काहीच येत नाही. रजा मंजूर असेल तर ‘ऑन लीव्ह’च लिहा, तो शब्दच सांगतो की साहेबांना कळवलेलं आहे.

‘अवे’ फक्त ‘इथे नाही’ एवढंच सांगतो. दोष नाही, परवानगीचा प्रश्न नाही. मेलच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरासाठी हाच सगळ्यात बरा. फक्त ‘अवे अनटिल १२ मे’ लिहू नका: १२ तारखेला तुम्ही टेबलावर आहात की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही (आपल्या ‘१२ तारखेपर्यंत’चीही तीच अडचण). ‘बॅक ऑन १२ मे’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

तास-दोन तासांसाठी नुसता ‘आऊट’ पुरतो. जेवायला गेलेल्यासाठी ‘आऊट फॉर लंच’ म्हणा. ‘आऊट टू लंच’चा बोलीभाषेत ‘डोकं ठिकाणावर नसलेला’ असाही अर्थ होतो.

‘आऊट ऑफ स्टेशन’ हा इंग्रजी अमदानीचा वारसा. स्टेशन म्हणजे अधिकाऱ्याच्या नेमणुकीचं ठाणं. ते सोडून गेला तो आऊट ऑफ स्टेशन. पुण्या-नागपुरात हे सर्रास चालतं, पण लंडन किंवा शिकागोच्या ग्राहकाला रेल्वे स्टेशन आठवेल. त्याला ‘आऊट ऑफ टाउन’ किंवा ‘अवे’ लिहा.

‘ॲब्सेंट’च वापरायचा असेल तर पुढे ‘फ्रॉम’ हवं: ‘ॲब्सेंट फ्रॉम द मीटिंग’. ‘इन द मीटिंग’ हे आपल्या ‘बैठकीत गैरहजर’मधून येतं. ‘रिमेन्ड ॲब्सेंट’ही तसंच, ‘गैरहजर राहिला’चं शब्दशः रूप, ‘वॉज ॲब्सेंट’ पुरे. उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, दुसरं जवळजवळ गिळलेलं: ‘ॲब्सन्ट’. जोर ‘सेंट’वर गेला की ते क्रियापद होतं, म्हणजे स्वतःहून गैरहजर राहणं.

नामाला ‘द’ लावायचा की नाही, तेही पाहा. ‘इन माय ॲब्सेन्स’मध्ये तो येत नाही, ‘इन द ॲब्सेन्स ऑफ’मध्ये लागतोच. आणि उलट भाषांतर करताना जपून: ‘इन माय ॲब्सेन्स’चं ‘माझ्या पश्चात’ करू नका, ती मृत्युपत्राची भाषा आहे. कार्यालयीन पत्रात ‘माझ्या गैरहजेरीत’, एरवी ‘मी नसताना’.