विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर: बरेच महिने वापरल्यानंतर

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडींची जी नोंदवही (लॉग) ठेवतं, ती दाखवणारं टूल. ते काही विकत घ्यावं लागत नाही. प्रत्येक विंडोज मशीनवर ते असतंच. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की येणाऱ्या यादीत सापडतं. तरी त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण बहुतेकांची त्याच्याशी पहिली ओळख घाबरूनच होते. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय' म्हणत फोन करणारे भामटे हेच उघडायला लावतात, लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवतात आणि पैसे उकळतात. तशी रांग ठणठणीत मशीनवरही असते, हे समोरच्याला ठाऊक नसतं.

माझा डेस्कटॉप असेंबल केलेला. विंडोज ११, सिस्टीमसाठी एसएसडी, फोटो आणि जुन्या फायलींसाठी साधी हार्ड डिस्क. दुखणं असं, की काम चालू असताना मशीन मध्येच थिजायचं. माऊस फिरायचा, पण क्लिक केलेलं काही उघडायचं नाही. मग थोड्या वेळाने सगळं एकदम धडाधड उघडायचं. निळा स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: फॉरमॅट मारून बघा.

सिस्टीम लॉग उघडला तर पानभर एकच वॉर्निंग: डिस्ट्रिब्युटेडकॉम, १००१६ (आधी नोंद करणाऱ्या भागाचं नाव, मग नोंदीचा आकडा, म्हणजे इव्हेंट आयडी). अमुक घटकाला तमुक परवानगी नाही, आणि पुढे आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. नेटवर यावर उपायांचा पाऊस आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) जा, तिथल्या त्या नोंदीची, म्हणजे की-ची, मालकी स्वतःकडे घ्या, मग परवानग्या बदला. मी त्या वाटेला गेलो नाही. या नोंदी दुर्लक्षित केल्या तरी चालतील, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. एखादा घटक आधी एका पद्धतीने मागणी करतो, नकार मिळाला की दुसऱ्या पद्धतीने करतो आणि त्याचं काम होतं. लॉगमध्ये नोंद राहते ती पहिल्या नकाराची. बिघाडच नाही तर दुरुस्ती कसली करायची?

पण या वॉर्निंगच्या गर्दीत कामाचं काही दिसत नाही. इथे या टूलची मला सगळ्यात आवडलेली सोय कामी आली. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे. त्यात इव्हेंट आयडीच्या चौकटीत आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह टाकलं की तेवढा आयडी वगळला जातो. वजा १००१६ टाकलं, क्रिटिकल, एरर आणि वॉर्निंग एवढ्यावरच टिक ठेवली आणि तो गाळलेला भाग कस्टम व्ह्यू म्हणून सेव्ह केला. यादी एकदम आटोपशीर झाली.

उरलेल्यात सापडली स्टोरएएचसीआयची (ड्राइव्हशी बोलणाऱ्या विंडोजच्या ड्रायव्हरची) १२९: 'रेडपोर्ट'ला रीसेट दिला. (मशीनवर रेड, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडण्याची सोय, नसलं तरी नाव रेडपोर्टच येतं, दचकू नका.) रंग पिवळा, म्हणजे नुसती वॉर्निंग. पण मशीन थिजलं की मोबाइलवर वेळ टिपून ठेवायची सवय लावली होती, आणि नोंदीची वेळ दर वेळी तिला जुळत होती. ड्राइव्हला मागितलेलं काम ठरलेल्या मुदतीत परत आलं नाही की विंडोज वाट पाहून शेवटी रीसेट देतं. आपल्याला दिसतं ते थिजणं म्हणजे ही वाट पाहणं. सोबत कधी डिस्कची १५३ही असायची, म्हणजे तीच मागणी पुन्हा करावी लागली.

ड्राइव्ह मेला की केबल, हे लॉग सांगत नाही. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या टूलमध्ये स्मार्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीचे ठेवतो ते, आकडे पाहिले. हार्ड डिस्कचे रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर दोन्ही शून्य. मात्र 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट' चढत होता. सीआरसी म्हणजे पोहोचलेला डेटा बिनचूक आहे का याची तपासणी. तिच्यात सापडणाऱ्या चुका ड्राइव्ह आणि बोर्डच्या मधल्या वाटेत होतात, तबकडीवर नाही. ड्राइव्ह बोर्डला जोडणारी सॅटा केबल बदलली, नवीन घेताना लॅचवाली (खटक्याने घट्ट बसणारी) घेतली, बोर्डवरचं पोर्टही बदललं. मशीन थिजणं बंद, १२९ही बंद. सीआरसीचा आकडा शून्यावर येत नाही, आला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. तो तिथेच थांबला की झालं. हेच पेंडिंग सेक्टर वाढताना दिसले असते, तर केबलच्या नादी न लागता आधी बॅकअप घेतला असता.

बाकीच्या नोंदी किरकोळ. लाईट गेल्यावर कर्नल-पॉवर ४१ लाल खुणेसह येते. तिच्यात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य असेल आणि वेळ लाईट जाण्याची असेल, तर यूपीएसची बॅटरी बघा, विंडोज नको. ब्रॉडबँड गेलं की डीएनएस क्लायंटची (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या भागाची) १०१४ येते, तीही मी तशीच सोडून देतो.

तक्रारी आहेतच. उघडायला उशीर लागतो, कस्टम व्ह्यूला त्याहून जास्त. नोंदीखालची ऑनलाइन हेल्पची लिंक मला तरी कधी उपयोगी पडली नाही. ज्यांना हा पसारा नको, त्यांनी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून येणारा आलेख बघावा. दिवसागणिक काय बंद पडलं ते तिथे सरळ दिसतं, पण १२९सारखी वॉर्निंग शोधायला तो पुरत नाही. शिवाय सिस्टीम लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते आणि भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. महिन्यातून एकदाच छळणारं दुखणं असेल तर लॉगच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती आधी वाढवून घ्या. मी १०० एमबी केली आहे.