दुबाजू पीसीबीची भोके: रिव्हेट, ग्रॅफाइट, रासायनिक तांबे की बाहेरचा कारखाना?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या उद्योजकाचा पीसीबी (सर्किटचा बोर्ड) दुबाजू झाला, म्हणजे तांब्याचे मार्ग त्याच्या दोन्ही बाजूंना आले की, वरचे आणि खालचे तांबे भोकातून जोडायचे कसे, हे ठरवावेच लागते.

भोके मोजकी असतील तर तार ओवून दोन्ही बाजूंनी सोल्डर करावी. त्याहून सोपे काही नाही. मात्र आयसीच्या (चिपच्या) खाली तारेचे टोक अडते. तेथे पोकळ रिव्हेट चालते, पण त्यासाठी भोक आणि पॅड (भोकाभोवतीचे तांब्याचे कडे) दोन्ही मोठे ठेवावे लागतात. रिव्हेट नुसते ठोकून भागत नाही, कारण दाबाने झालेला संपर्क तापून-थंडावून सैल पडतो. म्हणून तेही सोल्डर करावेच.

कारखान्यांतील रूढ पद्धतीत भोकाच्या भिंतीवर पॅलेडियम-कथिलाचा थर देऊन रासायनिक तांब्याचा पातळ पापुद्रा चढवतात आणि मग विजेने तांबे जाड करतात (प्लेटिंग). पॅलेडियम महाग, द्रावण नाजूक आणि त्यात फॉर्माल्डिहाइड. लहान शेडमध्ये हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या तुलनेत ग्रॅफाइटचा मार्ग आवाक्यातला आहे. भोकांत वीजवाहक ग्रॅफाइटचे द्रावण भरून, खालून हवा ओढून जादा काढून टाकावे आणि वाळवावे, म्हणजे त्या थरावर विजेने तांबे चढवता येते. पुढे तांब्याच्या कडेवरचा कार्बन सौम्य एचिंगने (रसायनाने तांब्याचा वरचा थर किंचित खाऊन) काढला नाही, तर नवे तांबे जुन्याला नीट धरत नाही आणि दोष पुढे सोल्डरिंगच्या वेळी उघड होतो.

खरी मेख त्यानंतरच्या प्लेटिंगमध्ये आहे. तासगावच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) प्लेटिंगच्या द्रावणातही लागते; ते कृषी दुकानात सहज मिळते, पण त्यात लोहासारखी अशुद्धी असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचेच घ्यावे. शिवाय शोभेच्या प्लेटिंगच्या द्रावणात लिटरला सुमारे 200 ग्रॅम मोरचूद आणि 60 ग्रॅम गंधकाम्ल असते. भोकांसाठी हे प्रमाण जवळजवळ उलटे, म्हणजे मोरचूद कमी आणि आम्ल भरपूर लागते, नाहीतर भोकाच्या तोंडाशी तांबे साचते आणि मध्यभाग पातळ राहतो. ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे बोर्ड बुडवून आणण्याचा मोह म्हणूनच टाळावा. चौरस डेसिमीटरला 2 अँपिअर प्रवाह दिल्यास पृष्ठभागावर तासाला साधारण 26 मायक्रॉन तांबे बसते. भोकात त्याहून कमी.

जाडीचा हा आग्रह उगाच नाही. एफआर-4 (बोर्डाचे काच-इपॉक्सी) तापल्यावर जाडीच्या दिशेने तांब्याच्या कितीतरी पट फुगते आणि भोकातील तांब्याची पातळ नळी मधोमध तडकते. म्हणूनच व्यावसायिक बोर्डांत भोकातील तांबे सरासरी 20 ते 25 मायक्रॉन ठेवतात. तांबे आणि आम्ल असलेले धुण्याचे पाणी गटारात सोडता येत नाही, ते कृष्णेकडेच जाणार. नियमित प्लेटिंग करायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही हवी.

म्हणून एखाद-दुसरा नमुना आजच हवा असेल तर रिव्हेट, अभ्यासासाठी ग्रॅफाइट, आणि ग्राहकाच्या शेतात बसणारा प्रत्येक बोर्ड बाहेरच्या कारखान्यातून, असे मी सुचवेन. आलेल्या लॉटमधील एक बोर्ड भोकावरून आडवा कापून, कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली भिंत पाहावी. मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण 5 मायक्रॉनचे तांबेही तितक्याच ठणठणीतपणे बीप देते.