ट्रायकोडर्मा व्हिरिडी 1 टक्का डब्ल्यूपी: हरभऱ्याला आणि आल्याला घ्यावी का?

घ्यावी. ही मुळांशी राहून रोगाच्या बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी आहे, आणि डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळणारी पावडर. पण पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचं काही वाचण्याआधी पाकीट उलटं करून उत्पादनाची तारीख बघा. शंखजिऱ्याच्या पावडरीत मिसळलेले हे जिवंत बीजाणू आहेत. ग्रॅममागे किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत असं मानक आहे, आणि महिने सरतात तशी ही संख्या घटत जाते. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेलं पाकीट तारखेत बसलं तरी नको. गुठळ्या झालेली पावडरही नको, तिला ओल लागलेली असते.

हरभऱ्यात हिचं काम सगळ्यात चोख. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम लागते, म्हणजे एकरी 30 किलो बियाण्याला 150 ग्रॅम. बी नुसतं ओलसर करायचं, पावडर हलक्या हाताने चोळायची, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. रायझोबियम (मुळांवरच्या गाठींतून नत्र देणारं जिवाणू खत) शेवटी लावायचं. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते सगळ्यात आधी, पण त्यात कार्बेन्डाझिम नको. ते रोगाच्या बुरशीबरोबर हिलाही मारतं.

मुळाभोवती हिची वाढ झाली की फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया, पिथियम या रोगाच्या बुरशींना जागा आणि अन्न कमी पडतं. हिचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेटोळे घालतात आणि कायटिनेज, ग्लुकानेज ही विकरं सोडून त्यांची भित्तिका विरघळवतात. शिवाय मुळं हिला ओळखतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. हे सगळं रोग शिरण्याआधी व्हायला हवं. मर रोगाने सुकू लागलेलं झाड आळवणीने, म्हणजे मुळाशी हिचं पाणी ओतून, उठत नाही, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

जमिनीत द्यायची तर कोरडी फेकू नका, पैसे वाया जातात. 1 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. ढीग सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा आणि मधे एकदा-दोनदा वरखाली करा. वर हिरवट थर दिसला की वाफशावर सरीत द्या. ताजं शेण वापरलं तर ढीग तापतो आणि बुरशी मरते.

आल्यात लागणीच्या वेळी निंबोळी पेंडीबरोबर गादीवाफ्यात द्यावी. पिथियमच्या कंदकुजीला आळा बसतो. मात्र पाण्याचा निचरा नसेल तर कोणतंही पाकीट पुरं पडणार नाही. जिवाणूजन्य मर असेल तर हिच्यावर विसंबू नका. ओळखायचं कसं? खोडाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. कापातून दुधाळ धार खाली उतरली तर जिवाणू आहे. असा गड्डा बेण्याला ठेवायचा नाही.

काही पाकिटांवर करपा, भुरी अशी पानांवरच्या रोगांची यादी असते. त्यासाठी ही घेऊ नये, हिचं घर मुळाशी आहे.

कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर ताजा माल मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून पेरणीआधी तिथे आधी विचारावं. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवणाऱ्यांनी मात्र हे पाकीट शेडजवळ उघडूसुद्धा नये. तिथे हीच बुरशी हिरवी बुरशी म्हणून बेडवर पसरते आणि अळिंबी खाऊन टाकते.