फोटो काढायचे की दहा मिनिटं मोजायचं?

रानफुलं म्हटलं की आपल्याला कास आठवतं आणि पावसाळा. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पळस, पांगारा, काटेसावर, करवंद, अंजनी फुलतात. त्यांच्यावर कोण येतं हे टिपायची हौस असेल, तर दोन वाटा आहेत.

पहिली फोटोची. 2008 पासून चालणाऱ्या आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर, फोटो टाकायचा. नाव माहीत नसलं तरी जाणकार सुचवतात. आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्यांतला फरक डोळ्यांत बसायला याहून सोपा मार्ग नाही. सातेरी आपली, मेलिफेरा ही पाळीव मधमाशी पेट्यांतून बाहेरून आणलेली. एखादी मधमाशी ‘स्थानिक’ म्हणायची तर हा फरक हवाच, आणि तो पुढे तपासायला फोटोच कामी येतो. खोट एवढीच की आपण देखणं तेवढं टिपतो. फुलपाखरांचे ढीग जमतात, माश्या कोणी बघत नाही. आणि रिकाम्या फुलाचा फोटो कोण टाकणार?

दुसरी वाट मोजणीची; तीत ते रिकामं फूलही नोंदलं जातं. ब्रिटनमध्ये 2017 पासून चालणाऱ्या परागीभवक-निरीक्षण योजनेची (परागीभवक म्हणजे फुलाफुलांत पराग पोचवणारे जीव) रीत सरळ आहे: अर्धा मीटर बाय अर्धा मीटर जागा, 10 मिनिटं, आधी फुलं मोजायची, मग त्यांवर बसणारा प्रत्येक कीटक. जात ओळखायची गरज नाही. मधमाशी, भुंगा, माशी, फुलपाखरू एवढे गट पुरतात. शून्य आलं तर शून्य लिहायचं. दोन ठिकाणांची किंवा दोन वर्षांची तुलना अशाच आकड्यांवर होते.

मात्र ती चौकट आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. करवंदीच्या जाळीवर ती छान बसते. पळसाचा तुरा उंचावर, त्यात गिऱ्हाईक मुख्यतः पक्षी: शिंजीर, साळुंक्या. तिथे दुर्बीण घेऊन एक फांदी ठरवावी आणि पक्षीही मोजावेत. पक्ष्याच्या अंगाला पराग लागतो का, तेही बघावं. काही शिंजीर फुलाला बाजूने भोक पाडून नुसता मध पितात. करवंदाच्या पांढऱ्या, सुवासिक, अरुंद नळीच्या फुलांवर संध्याकाळनंतर पतंगांसाठी एक फेरी माराच.

माझं मत: एकटे आणि नवखे असाल तर पहिला हंगाम फोटोंचा. कॉलेजचा किंवा सोसायटीचा गट असेल तर थेट मोजणी, दर आठवड्याला त्याच झुडपावर, सकाळी ऊन चढायच्या आत. आग्याचं पोळं जवळ असेल तर ते झुडूप सोडून दुसरं निवडा.