मस्जिद बंदरचा हेरिटेज वॉक: ज्या मशिदीवरून स्टेशन, ती अखेर पाहिली

वीस वर्षं मी मस्जिद स्टेशनला उतरतेय. दिवाळीचा सुकामेवा, लग्नाची पाकिटं, सगळं तिथूनच. पण ही मशीद नेमकी कुठली, हा प्रश्न कधी डोक्यातही आला नाही. आठशे रुपये भरून रविवारी सकाळी वॉकला गेले आणि कळलं, ती यहुद्यांची.

सॅम्युअल स्ट्रीटवरचं शार हारहमीम. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, स्थापना १७९६, आताची जागा १८६० पासूनची. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, सिनेगॉगला मशीदच म्हणत. पुढे दुसरं झालं तशी ही ‘जुनी मशीद’ ठरली. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले. टिपूच्या कैदेत सापडले तेव्हा सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस बोलले. कुराणातलं ‘बनी इस्राईल’ हे नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, हे गाईडने छान रंगवलं. वर ही आख्यायिका आहे, असंही स्वतःहून सांगितलं. एक स्टार त्याचाच.

अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही बेने इस्रायलींची मूळकथा. मग कोकणात तेलाचे घाणे, शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. मुंबई तेव्हा खरोखरच बेट होतं. पलटणीतली नोकरी नाहीतर सुतारकाम, गवंडीकाम शोधत हे लोक तिथे आले. दिवेकर, पेणकर, केहिमकर, रोहेकर... आडनावं ऐकताना एसटी स्टँडवरचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटत होतं!

आत मधोमध कठड्याचा चौथरा, वर बायकांचा सज्जा. इथे घाई झाली. बाकावर पाच मिनिटं बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता तक्रारी. पंचवीस माणसं, अरुंद गल्ली, हातगाड्या आणि गाईडकडे माईक नाही. ओळखपत्र लागतं हे आधी कळवलं नव्हतं; दोघांना दारातूनच परत जावं लागलं. आणि जाहिरातीतला ‘मलिदा’ म्हणजे द्रोणात दोन चमचे गोड पोहे! खोबरं शोधावं लागलं. माझ्या शाळेतल्या बेने इस्रायली मैत्रिणीकडे मी मलिदा खाल्लाय. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मोठं ताट, पोह्यांचा डोंगर, भोवती फळं. आधी प्रार्थना, मग वाटप. ती १९८४ मध्ये इस्रायलला गेली, मागोमाग तिचे काकाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात उरलेले यहुदी साडेचार हजारांच्या आसपास. हा आकडा गाईडने सांगितला, पण लोक का गेले यावर एक वाक्य नाही.

पाचपैकी साडेतीन. चपला घाला, सँडलची हिल गटाराच्या जाळीत अडकते. आणि शनिवारची बॅच घेऊ नका, त्या दिवशी बाहेरूनच दाखवतात.