सारंगाच्या परवान्याची तयारी: कोथरूडचा शनिवार-रविवार वर्ग

यांत्रिक बोटीतून भाडं घेऊन प्रवासी न्यायचे तर अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ प्रमाणे सारंगाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाकडे, सक्षमता प्रमाणपत्र हवं. त्याच्या तोंडी परीक्षेची तयारी हा वर्ग उत्तम करून घेतो. बोटीवरचा कुठला दिवा किती कोनातून दिसतो, हे छोटी बोट हातात फिरवून शिकवतात: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंश, मागचा पांढरा १३५. रात्री समोर लाल-हिरवा दोन्ही आणि वर डोलकाठीचा पांढरा दिवा दिसला म्हणजे यांत्रिक बोट सरळ आपल्याकडे येतेय. अशा वेळी दोघांनीही उजवीकडे वळायचं, एक छोटा भोंगा द्यायचा. इथेच उमेदवार अडखळतात, कारण रस्त्यावर डावी बाजू धरायची सवय हाडात मुरलेली असते.

स्थिरतेचा भाग मात्र घाईत उरकतात, हे खटकतं. प्रवासी फोटोसाठी एका बाजूला धावले की बोट कलते आणि तळात साचलेलं पाणीही तिकडेच वाहून कल वाढवतं. माणसांचे जीव ज्याच्या हाती, त्याला हे आधी समजायला हवं!

सुकाणू इथे हाती येत नाही. परीक्षेसाठी लागणारा बोटीवरच्या सेवेचा दाखला आपला आपणच मिळवावा लागतो. तो नसेल तर आधी खलाशाचं काम धरा, फी नंतर भरा.